मध्ये काय आहे आणि फिरायचं कुठून : सोलापूरहून तेर आणि सन्नतीचे चैत्य-स्तूप पाहताना

सोलापुरातून बुद्धपौर्णिमेला, अशोक विजयादशमीला किंवा डिसेंबरच्या सुट्टीत धम्मसहलीच्या गाड्या निघतात त्या बहुतेक अजिंठा, वेरूळ, नागपूरकडे. पण सोलापूरपासून एका दिवसात जाऊन येता येतील अशा दोन जागा बौद्ध वास्तुकलेच्या इतिहासात फार मोलाच्या आहेत. एक धाराशिव जिल्ह्यातलं तेर आणि दुसरी भीमेच्या काठावरची सन्नती-कनगनहळ्ळी. तिथे जाणारे पुष्कळ आहेत, पण काय बघायचं ते ठाऊक नसल्यामुळे बरेच जण अर्ध्या तासात फोटो काढून परततात. तेरला "हे तर विष्णूचं देऊळ आहे" म्हणून, आणि कनगनहळ्ळीला "नुसते दगड पडलेत" म्हणून.

या वास्तू बघायची रीत अवघड नाही. स्तूप असो, चैत्यगृह असो की चीन-जपानातला उंच पॅगोडा, त्याच्यासमोर उभं राहून दोन प्रश्न विचारायचे. मध्ये काय ठेवलंय? आणि त्याच्याभोवती माणसाने फिरावं कुठून? सगळी रचना या दोन गोष्टींसाठी केलेली असते. मधली वस्तू बदलली, छत बदललं, धर्म बदलला, तरी फिरायच्या वाटेची खूण सहसा पुसली जात नाही.

स्तूपाला दार नसतं

पहिल्यांदा येणारा माणूस स्तूपाचं दार शोधतो. आपल्याला सवय देवळाची. गाभारा, चौकट, उंबरा, आत मूर्ती. स्तूप आतून भरीव असतो. त्याच्या पोटात मधोमध एक करंडक ठेवलेला असतो, दगडाचा, स्फटिकाचा किंवा धातूचा, बहुधा एकात एक अशा दोन-तीन डब्यांचा. त्यात अस्थींचा अंश, राख, कधी मणी आणि सोन्याची फुलं. करंडक ठेवून झाला की वर माती, विटा, दगड रचत गोल टेकाड उभं करायचं. एकदा बांधकाम पुरं झालं की आत जायचं कारणच उरत नाही. वंदन बाहेरून, प्रदक्षिणेने.

बौद्ध परंपरा स्तूपांचे प्रकार मानते. शरीरधातूवर, म्हणजे अस्थींच्या अंशावर, उभारलेला तो शारीरिक. बुद्धाने किंवा थोर भिक्खूने वापरलेल्या वस्तूवर, म्हणजे भिक्षापात्र, चीवर यांवर उभारलेला तो पारिभोगिक. नुसत्या स्मरणासाठी उभारलेला तो उद्देशिक. म्हणून प्रत्येक स्तूपात अस्थी असतीलच असं धरून चालू नये. लेण्यांमध्ये डोंगरातून कोरलेला स्तूप तर अखंड कातळाचाच असतो.

खालून वर भाग असे लागतात. सगळ्यात खाली गोल जोतं, ते मेधी. तिच्यावर अर्ध्या गोळ्यासारखा घुमट, तो अंड. अंडाच्या माथ्यावर चौकोनी कठडा, ती हर्मिका. हर्मिकेतून वर निघणारी काठी म्हणजे यष्टी आणि काठीवर एकावर एक छत्रं, ती छत्रावली. भोवती दगडी कठडा असला तर ती वेदिका, आणि वेदिकेला चार दिशांना तोरणं. वेदिका आणि मेधी यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी राहते तोच प्रदक्षिणापथ. आकाराचा अंदाज यावा म्हणून सांचीचा मोठा स्तूप घ्या. त्याचा व्यास सुमारे १२० फूट, उंची ५४ फुटांच्या आसपास. त्याच्या पोटात अशोकाच्या काळचा विटांचा लहान स्तूप आहे. शुंगांच्या काळात त्याच्यावर दगडी आवरण चढवून तो जवळजवळ दुप्पट केला, आणि कोरीव तोरणं सातवाहनांच्या काळात उभी राहिली. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं नाव आहे. जुना स्तूप पाडायचा नाही, त्याच्यावरच मोठा चढवायचा, ही रीत सगळीकडे दिसते. म्हणून एका स्तूपाचं वय एका आकड्यात सांगता येत नाही.

पॅगोडा म्हणजे याच गोष्टीचा परदेशातला अवतार. ब्रह्मदेशात अंड उंच घंटेसारखं झालं. चीनमध्ये छत्रांचे थर आणि तिथले मजल्यांचे मनोरे एकत्र आले आणि उंच, अनेक थरांचा पॅगोडा तयार झाला. हनान प्रांतातला सोंग्युए पॅगोडा इसवी सन ५२३चा, विटांचा आणि बारा बाजूंचा आहे. जपानच्या होर्यूजीत पाच मजली लाकडी पॅगोडा आहे. त्याच्या मधोमध जमिनीपासून शेंड्यापर्यंत एकच खांब आहे आणि त्या खांबाच्या पायाशी अस्थिधातू ठेवलेले आहेत. मजले पाच, पण मुद्दा तोच, मधल्या यष्टीचा. माथ्यावरची धातूची कडी मोजली तर ती छत्रावलीच आहे.

कलबुर्गीतला बुद्धविहार, जो २००९ साली खुला झाला, आणि मुंबईला गोराईचा विपश्यना पॅगोडा, तोही २००९चा, या आधुनिक वास्तू मात्र आतून पोकळ आहेत, कारण तिथे माणसांनी आत बसून ध्यान करायचं आहे. या जागा आधी पाहून मग जुन्या स्तूपाकडे गेलं की दार शोधायची चूक हमखास होते.

स्तूप छताखाली आला की चैत्यगृह

पावसाळ्यात उघड्यावर वंदन कसं करायचं? चातुर्मासात भिक्खू एका जागी राहत. त्यासाठी स्तूप छोटा करून छताखाली घेतला. ते चैत्यगृह. कार्ले, भाजे इथे डोंगरात कोरलेली चैत्यगृहं बहुतेकांनी पाहिलेली असतात. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप आणि स्तूपामागे भिंत गोल वळलेली. कार्ल्याच्या दालनात ३७ खांब आहेत. भिंत गोल का? कारण स्तूपाभोवती फिरायचंय. चौकोनी भिंत ठेवली तर कोपरे वाया जातात आणि वाट कोपऱ्यात अडखळते. गोल वस्तूभोवतीची वाट गोलच हवी, म्हणून मागची भिंतही गोल. वरून पाहिलं तर हत्ती पाठमोरा बसल्यासारखा आकार होतो. त्याला गजपृष्ठाकार म्हणतात.

कातळात कोरलेली चैत्यगृहं टिकली. मैदानात विटा-लाकडाची बांधलेली चैत्यगृहं मात्र जवळजवळ सगळी गेली. छतासकट उभी राहिलेली अगदी थोडी. आंध्रातलं चेझर्लाचं कपोतेश्वर मंदिर एक आणि आपल्या शेजारचं तेरचं त्रिविक्रम मंदिर दुसरं.

तेर

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करून तेर, शंभर किलोमीटरच्या आत. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळता आली तर बरं, कारण तुळजापूरला गर्दी असते आणि गाडी तिथे अडकते. चैत्र वद्यात तेरलाच गोरोबाकाकांची यात्रा असते. ती पाहायची असेल तर खुशाल जा, पण विटांचं काम निवांत बघायला तो दिवस नव्हे. वस्तुसंग्रहालय सरकारी आहे. अशी संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात. निघण्याआधी चौकशी करा.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या व्यापारी मार्गदर्शिकेत तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगितलंय. तिथून गाड्यांवर लादून भडोच बंदराला जायचं ते साधं कापड आणि नाना तऱ्हेची मलमल. सोलापूरकराला हे वाचून आपलेपणा वाटावा. चादरीच्या गावापासून हाकेच्या अंतरावर दोन हजार वर्षांपूर्वी कापडाचीच पेठ होती. तगर म्हणजेच तेर हे १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने मांडलं. हेन्री कझन्सने पुढे लगेच तिथल्या विटांच्या मंदिराकडे लक्ष वेधलं, आणि १९५८ साली बा. ना. चापेकरांनी तिथे उत्खनन केलं. स्तूप-विहारांना पैसा अशाच पेठांतून यायचा, व्यापारी, कारागीर आणि त्यांच्या घरातल्या बायकांच्या दानातून.

आता त्रिविक्रम मंदिर. समोरून गेलात तर सपाट छताचा मंडप दिसेल. तो नंतर जोडलेला आहे आणि तोच मूळ वास्तू झाकतो. म्हणून आधी दर्शन घ्या, मग बाहेर येऊन मंदिराला उजवी घालत मागे जा. मागची भिंत गोल वळलेली दिसते. तिथे थांबा. हीच ती चैत्यगृहाची पाठ. नजर वर न्या. छप्पर उलट्या नावेसारखं, लांबट आणि गोलाकार आहे. पुढे येऊन मंडपाच्या छताच्या वर पाहिलं तर मूळ दर्शनी भागाची कमान दिसते, घोड्याच्या नालेसारखी. कार्ल्याच्या प्रवेशावर जी भव्य चैत्यकमान आहे तिचीच ही विटांतली लहान बहीण.

छप्पर आतून कसं पेललंय हे बघण्यासारखं आहे. आपण ज्याला कमान म्हणतो तिच्यात पाचरीसारखे दगड एकमेकांवर रेटून उभे राहतात. इथे तसं नाही. विटांचे थर आडवेच आहेत, पण प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवलेला. दोन्ही बाजूंनी असं सरकत सरकत वर गेलं की माथ्याशी फट मिटते. याला यंत्र नको, लाकडी साचाही फारसा नको, पण एक बंधन येतं. थर एका मर्यादेपलीकडे पुढे काढला तर तो तोंडघशी पडतो. त्यामुळे असं छत रुंद दालनावर चढत नाही. दालन अरुंद का, याचं उत्तर छतात आहे. आणि त्याचा भार तोलायला भिंती जाड ठेवाव्या लागतात.

विटांकडेही जवळून बघा. आजच्या नऊ इंची विटेच्या मानाने त्या बऱ्याच लांब-रुंद आणि त्या मानाने पातळ. त्या काळच्या विटांच्या मातीत साळीचं तूस मिसळत. भट्टीत तूस जळून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते, आतपर्यंत सारखी भाजते आणि वाळताना तडकत नाही. मोठी वीट भाजणं कठीण असतं, बाहेरून लाल आणि आत कच्ची राहते. तुसामुळे ती अडचण सुटते. कुठे गिलावा निघालेला असेल तर विटेच्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढे ठसे दिसतात का पाहा. नुसतं पाहा. नखाने कोरू नका, कारण भाजलेलं वरचं कवच गेलं की आतली वीट पावसात लवकर विरते. (कच्चं मडकं आणि पक्कं मडकं ओळखणारे गोरोबाकाका याच गावचे. तेरणेकाठी त्यांची समाधी आहे.)

आत जिथे एके काळी स्तूप असावा तिथे आता पाय उचललेला त्रिविक्रम उभा आहे. बळीच्या कथेतला, तीन पावलांत विश्व मोजणारा विष्णू. बहुतेक अभ्यासक ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह मानतात. पण एक खबरदारी घ्यायला हवी. नुसता गजपृष्ठाकार म्हणजे बौद्ध, असं समीकरण चालत नाही. ऐहोळचं दुर्ग मंदिर असंच मागून गोल आहे आणि ते बौद्ध नाही. तिथे हा आकार शिल्पकारांच्या अंगवळणी पडला होता म्हणून आला असावा. तेरबद्दलचं मत बळकट होतं ते आजूबाजूच्या पुराव्यामुळे. गावाच्या परिसरात स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत, आणि वास्तूची ठेवण थेट लेण्यांतल्या चैत्यगृहांशी जुळते. वाद घालायचा असेल तर या पुराव्यावर घाला, देवळात बसलेल्या पुजाऱ्याशी नको. ते देऊळ आज चालतं आहे, लोक तिथे श्रद्धेने येतात, आणि विटांचं हे छत पडू न देता ज्यांनी वापरात ठेवलं त्यांच्यामुळेच ते आपल्याला बघायला मिळतं. वापरात नसलेल्या विटांच्या चैत्यगृहांची छतं शिल्लक नाहीत.

तेरमधून निघण्याआधी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय चुकवू नका. एक तास तरी द्या. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती लहानशी आहे, पटकन नजरेतून सुटते. तिच्या ठेवणीसारखीच हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडली, आणि पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे अशी भारतीय कारागिरी त्याच्या आधीच समुद्रापार पोचली होती. सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती, शंखाचे दागिने, मणी हे सगळं बघताना लक्षात येतं की विटांचा तो महागडा चैत्य बांधायला पैसा कुठून आला.

वेळ उरला तर परतताना धाराशिव शहराजवळची लेणी बघता येतील. ती मुळात बौद्ध आणि नंतर जैन झाली असं मानणारे अभ्यासक आहेत. तिथेही हेच दोन प्रश्न विचारा.

भीमेच्या खालच्या अंगाला : सन्नती आणि कनगनहळ्ळी

पंढरपूरची भीमा सोलापूर जिल्ह्यातून खाली उतरते, हत्तरसंग-कुडलला तिला सीना मिळते आणि पुढे कलबुर्गी जिल्ह्यात ती सन्नतीपाशी येते. कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०चा मराठी शिलालेख सोलापूरकर अभिमानाने दाखवतात. त्याच नदीच्या काठी, त्याहून हजारएक वर्षं जुना महास्तूप आहे.

सोलापूरहून रेल्वेने कलबुर्गी, तिथून गाडी करून सन्नती, हा सोपा मार्ग. सगळं मिळून १७०-१८० किलोमीटर धरा. रस्त्याने एका बाजूचे चार तास लागतात. सन्नतीला चंद्रलांबा परमेश्वरीचं मोठं देवस्थान आहे आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे. चूक होते ती इथेच. गाडी देवळापाशी थांबते, लोक तिथेच "बौद्ध अवशेष कुठे" विचारतात, दोन-चार शिळा पाहतात आणि परत फिरतात. महास्तूप देवळात नाही. तो जवळच्याच कनगनहळ्ळी गावाच्या हद्दीत, शेतांमध्ये आहे. विचारताना "कनगनहळ्ळी स्तूप" असंच विचारा. सोलापूरचं कन्नड तिथे उत्तम चालतं.

आधी देवळातली गोष्ट. १९८६ साली चंद्रलांबा मंदिराच्या आवारातल्या कालीमंदिराचं छत कोसळलं. त्यानंतर मूर्तीचं पीठ म्हणून वापरलेली शिळा उजेडात आली. तिच्या दोन्ही अंगांना ब्राह्मी अक्षरं होती. सम्राट अशोकाचे शिलालेख, बारावा, चौदावा आणि कलिंगातल्या धौली-जौगड इथे सापडतात ते दोन स्वतंत्र लेख. मूर्ती बसवण्यासाठी शिळेच्या मध्ये चौकोनी खाच पाडलेली होती, त्यात काही ओळी गेल्या. ज्याने खाच पाडली त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती. ब्राह्मी लिपी तोवर विसरली गेली होती, ती पुन्हा वाचली गेली १८३७च्या सुमारास. बाराव्या लेखात अशोक सांगतो की जो आपल्या पंथाचं कौतुक करताना दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो. स्वतंत्र लेखांत त्याचं ते प्रसिद्ध वाक्य आहे, सगळी माणसं माझी लेकरं आहेत.

कनगनहळ्ळीचा स्तूप भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९०च्या दशकात खणून काढला. लेखांत त्याचं नाव 'अधोलोक महाचैत्य' असं येतं. तुम्हाला तिथे उभा, गुळगुळीत अंड दिसणार नाही. दिसतील ते मेधीचे गोल थर, चार दिशांना पुढे काढलेले चौथरे आणि कोरलेल्या शिळा. त्या चौथऱ्यांना आयक म्हणतात. अमरावती, नागार्जुनकोंडा या आंध्र परंपरेत आयकांवर पाच-पाच खांब उभे करत, जन्म, गृहत्याग, संबोधी, पहिलं प्रवचन आणि महापरिनिर्वाण या पाच प्रसंगांसाठी. सांचीच्या वळणाचा स्तूप डोक्यात ठेवून इथे आलात तर गोंधळ होतो, कारण सांचीत शिल्पं तोरणांवर आहेत आणि इथे ती स्तूपाच्या अंगालाच आहेत. म्हणजे प्रदक्षिणा घालताना नजर बाहेर नव्हे, आत, उजव्या हाताला ठेवायची.

शिळा पाहिल्याबरोबर दगड ओळखीचा वाटेल. करडा, पिवळसर झाक असलेला, पापुद्र्यांचा चुनखडक. आपल्या घरोघरी शहाबादी फरशी असते, तिच्याच जातीचा. शहाबाद इथून दूर नाही. हा दगड थरांनी निघतो, म्हणून मोठ्या सपाट शिळा सहज मिळतात आणि छिन्नी त्यावर लोण्यासारखी चालते. बेसाल्टवर जे बारीक दागिने, केसांच्या बटा, वस्त्रांच्या चुण्या काढायला दमछाक होते ते इथे नजाकतीने उतरलं आहे. पण जो दगड पापुद्र्यांनी निघतो तो पापुद्र्यांनीच सुटतोही. थरांच्या फटीत पाणी शिरलं, वाळलं, पुन्हा शिरलं, की कोरलेला चेहरा कपचीसारखा गळून पडतो.

असे स्तूप का पडतात, याचं कारणही रचनेतच आहे. आतला गाभा मातीचा आणि विटांचा, आणि या भागात माती म्हणजे काळी कापसाची. ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. वरचा गिलावा शाबूत असेपर्यंत पाणी आत जात नाही. विहार ओस पडला, गिलावा दर वर्षी दुरुस्त करणारं कोणी उरलं नाही की पाणी मुरतं, गाभा फुगतो आणि अंगच्या शिळांना बाहेर ढकलतो. या विभागात काही स्तूपांचा गाभा गाडीच्या चाकासारखा बांधत, मध्ये तुंबा, मग आऱ्यांसारख्या भिंती, मधल्या कप्प्यांत माती. आऱ्यांमुळे माती एकाच बाजूला रेटत नाही आणि विटाही वाचतात. युक्ती चांगली, पण देखभाल हवीच. पडलेल्या शिळा मग गावात उंबऱ्याला, पायरीला, देवळाच्या पीठाला गेल्या. धन सापडेल म्हणून मधोमध खड्डा खणणारेही प्रत्येक काळात होते.

तिथे जतनाचं काम टप्प्याटप्प्याने चालतं, त्यामुळे एखादा भाग झाकलेला किंवा बंद असू शकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिल-मे मध्ये सोलापूरसारखंच ऊन, आणि सावली नावाला. जवळपास खाण्याची सोय धरू नका. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घ्या, माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा उपरणं. जेवण आवाराबाहेर करा. उघड्यावर सांडलेल्या अन्नामागे मुंग्या, घुशी येतात आणि घुशी जुन्या मातीत बिळं करतात.

वंदनाची रीत साधी आहे. चपला बाहेर, स्तूप उजव्या खांद्याशी ठेवून प्रदक्षिणा, तीन असतील तर उत्तम. गट असेल तर त्रिशरण-पंचशील म्हणायला सपाट, मोकळी जागा निवडा, थरावर चढून नको. मेणबत्ती, उदबत्ती, तेलाचा दिवा शिळेवर अजिबात लावू नये. तेल चुनखडकात मुरतं आणि डाग कायमचा राहतो. मेण खरवडताना पापुद्रा निघतो. अक्षरं नीट दिसावीत म्हणून काही जण खडू चोळतात, पाणी किंवा लिंबाचं पाणी मारतात. लिंबाची आंबट धार चुनखडकावर पडली की दगड फसफसून विरतो. फरशीवर लिंबू पिळून बघा, कळेल. संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे. १९५८च्या केंद्रीय कायद्यात, २०१०च्या दुरुस्तीनंतर, त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

अक्षरं दिसायला खरं तर उजेड तिरका लागतो, दुसरं काही नाही. भर दुपारी डोक्यावरचं ऊन शिल्पाला सपाट करून टाकतं, चेहरे, दागिने सगळं एका करड्या रंगात बुडतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. सावलीतल्या शिळेसाठी बॅटरी घ्या आणि ती समोरून नव्हे तर बाजूने, शिळेला जवळजवळ समांतर धरा. एरवी न दिसणारी उथळ रेघही मग सावली टाकते.

या उजेडात शोधायची ती राजा-राणीची शिळा. राजा उभा, शेजारी राणी, मागे छत्र आणि चवऱ्या धरलेल्या दासी. वर एक लहानशी ओळ, 'रायो असोको'. अशोकाचं नाव कोरलेली प्रतिमा म्हणून जगभर या शिळेचं नाव झालं. भाषा प्राकृत आहे. संस्कृतातला राजा प्राकृतात राया होतो, आणि आपल्या लावणीतल्या, ओवीतल्या रायाचं घराणं तेच. इतर शिळांवर सातवाहन राजांची नावं आहेत, दात्यांची नावं आहेत. सगळं वाचायला शिक्षण लागतं, पण ही ओळ कोणालाही लावता येते. अक्षरं पाचच आहेत. सुरुवात शेवटाकडून करा. ब्राह्मीतला 'क' म्हणजे बेरजेचं चिन्ह, एक उभी आणि एक आडवी रेघ. त्याच्या माथ्यावर आडवी मात्रा दिसली की तो 'को'. मागे या, 'सो', मग 'अ', उभ्या रेघेला डावीकडून दोन हात फुटलेला. त्याच्या आधी त्रिशूळासारखा 'य', त्यालाही माथ्यावर तीच मात्रा, म्हणून 'यो'. आणि सगळ्यात पहिली, नुसती एक उभी रेघ, वर उजवीकडे छोटा फाटा काढलेली. तो 'रा'.